गाणी घडाघडा म्हणणारी मुलं प्रश्न विचारला की गप्प का होतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बालवाडीत ३ ते ५ वर्षांची तीसेक मुलं आहेत. बडबडगीतं, वार, महिने सगळं तोंडपाठ. पण "काल घरी काय केलंस?" असं विचारलं की उत्तर येतं "काही नाही", नाहीतर नुसतंच हसू. तीन-चार मुलं महिनोन्महिने तोंड उघडत नाहीत. पालकांना मात्र वहीत 'अ आ इ ई' बघायचं आहे. ताईंनी नेमकं काय करावं?

पाठ म्हणणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. गाण्यातलं वाक्य मुलाला आयतं मिळालेलं असतं. "काल काय केलंस?" याचं उत्तर देताना घडलेलं आठवायचं, त्यातलं सांगण्याजोगं निवडायचं, शब्द शोधायचे, त्यांना प्रत्यय लावायचे, क्रियापद भूतकाळात न्यायचं, एवढं सगळं काही सेकंदांत करावं लागतं. हे मुलाला जमू लागतं ते कुणीतरी त्याच्याशी, त्याला रस असलेल्या गोष्टीबद्दल, आळीपाळीने बोलत राहिल्यावर. तीस मुलांना एकदम विचारलेल्या प्रश्नात ती आळीपाळी होत नाही. दोन हुशार मुलं उत्तर देतात, बाकीची त्यांच्या मागून म्हणतात. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांचा रोख एकच आहे: प्रत्येक मुलाच्या वाट्याला खऱ्या गप्पांची काही मिनिटं कशी येतील.

बालवाडीत येणारं मूल कोरं नसतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला कॅनडातला अभ्यास आपल्याला जवळचा वाटावा असा आहे, कारण त्यात हिंदीतले 'त' आणि 'ट' हे आवाज वापरले होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना या दोन आवाजांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता. म्हणजे पहिला शब्द फुटण्याच्या आधीच कान घरच्या भाषेला सरावलेला असतो. सहा-सात महिन्यांच्या सुमारास 'बाबाबा', 'दादादा' सुरू होतं, वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दीड ते दोन वर्षांत "बाबा गेला", "अजून दूध" अशी दोन शब्दांची जोडणी. तिसऱ्या वर्षी तीन-चार शब्दांची वाक्यं येतात आणि परक्या माणसालाही मुलाचं बरंचसं बोलणं कळतं. मुलामुलांत काही महिन्यांचा फरक अगदी सर्रास असतो, त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना करून काहीच हाती लागत नाही.

तीन ते पाच या वयात सगळ्यात जास्त शिकवून जातात त्या मुलांच्या चुका. "मी करलं", "कुत्राला दे", "पाणीत पडलं", "ससाची शेपटी". घरात कुणी "करलं" म्हणत नाही, तरी मूल म्हणतं. कारण 'बस-बसलं', 'पड-पडलं', 'हस-हसलं' यांवरून त्याने स्वतःच नियम काढलेला असतो आणि तो 'कर'लाही लावलेला असतो. ही प्रगती आहे. जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांना बनावट, कधीच न ऐकलेल्या शब्दांची अनेकवचनं करायला लावली आणि मुलांनी ती केली. ऐकलेलं तेवढंच मूल बोलतं हा समज तिथेच मोडीत निघाला.

हा खेळ मराठीत सहज करता येतो. चिंध्यांची एक बाहुली करा आणि सांगा, "हा टिबा." दुसरी तशीच बाहुली शेजारी ठेवा. "आता हे दोन... काय?" 'घोडा-घोडे' हा नियम पक्का झालेलं मूल "टिबे" म्हणेल. मग विचारा, "खाऊ कुणाला देऊ?" "टिबाला" असं उत्तर आलं तर प्रत्यय लागला आहे, पण प्रत्ययाच्या आधी शब्दाचं रूप बदलतं हे अजून बसायचं आहे. "टिब्याला" आलं तर तेही बसलं. मराठीत हे रूप बदलणं सगळ्यांत किचकट आहे: घोडा-घोड्याला, पाणी-पाण्यात, ससा-सशाची. मुलं ते हळूहळूच आत्मसात करतात. क्रियापदाचंही तसंच. "मी पोळी खाल्ली" यात क्रियापद पोळीप्रमाणे बदलतं, खाणाऱ्याप्रमाणे नाही, म्हणून लहान मुलगा "मी पोळी खाल्लो" म्हणतो. काही भागांत मोठी माणसंही असंच बोलतात. तिथे ती त्या मुलाच्या घरची बोली आहे, तिला चूक म्हणू नये.

अशा वेळी "असं नाही म्हणायचं, 'कुत्र्याला' म्हण" हे टाळा. मुलाचं लक्ष कुत्र्याच्या भुकेकडे असतं, तुमचं प्रत्ययाकडे. दोन-तीनदा असं झालं की मूल लांब वाक्य करण्याच्या फंदात पडत नाही, "हो-नाही"वर भागवतं. त्याचं बोलणं उचलून, नीट रूपात, थोडं वाढवून परत द्या: "हो, कुत्र्याला देऊ या. कुत्र्याला पोळी आवडते की दूध?" नीट रूप मुलाच्या कानावर पडतं आणि गप्पाही चालू राहतात. पुन्हा म्हणून दाखवायला लावायचं नाही.

उच्चारांबाबतही हेच धोरण. 'काका'चं 'ताता' साधारण चौथ्या वर्षापर्यंत जातं. 'र'ऐवजी 'ल' पाच-सहा वर्षांपर्यंत चालू शकतो. 'ळ', 'ण' आणि जोडाक्षरंही उशिरा येतात. बोबडं बोलणाऱ्या मुलाशी मोठ्यांनी बोबडं बोलू नये आणि चारचौघांत त्याच्याकडून "म्हणून दाखव रे" असं करूनही घेऊ नये.

आता वर्गातला वेळ. ताई एक, मदतनीस एक, मुलं तीस. गप्पा कधी मारायच्या? आठवड्याचे दिवस सहा धरले तर रोज पाच मुलं. भिंतीवर सहा रकान्यांचा कागद लावा आणि प्रत्येक वाराखाली पाच नावं लिहा. न बोलणाऱ्या मुलांची नावं दोन वारांखाली येऊ द्या, मग एखाद्या दिवशी सहा नावं झाली तरी चालेल. मुक्त खेळाच्या वेळेत बाकीची मुलं मदतनिसांच्या देखरेखीखाली माती, ठोकळे, भातुकली यांत असताना त्या दिवसाच्या पाच मुलांजवळ दहा-बारा मिनिटं जमिनीवर बसा. खुर्चीवर बसून हे होत नाही. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर चेहरा हवा. गटात एक-दोन बोलकी, दोन-तीन मधली आणि एखादं गप्प मूल अशी वाटणी ठेवा. पाचही बोलकी एकत्र आली तर तुम्हाला फक्त भांडणं सोडवावी लागतील. याशिवाय हात धुताना, खिचडी खाताना आणि घरी न्यायला कुणी येईपर्यंत हातात मिळणारे क्षण आहेतच. खाताना "गप्प बसून खा" हा नियम शिस्तीचा वाटतो, पण भाषेसाठी दिवसातली उत्तम पंधरा मिनिटं त्यात जातात.

बोलायचं कसं, ते एका नमुन्यातून बघा.

मूल: गाडी.
ताई: हं, गाडी. हिचं चाक निघालंय.
मूल: तुटलं.
ताई: तुटलं होय...
मूल: दादाने बसला वर.
ताई: अगं बाई! दादा वर बसला आणि चाक तुटलं!
मूल: आईने दादाला मारलं. मग दादा रडला.

ताईंनी इथे प्रश्न विचारलेलाच नाही. गाडीचा रंग, चाकं किती, गाडी कशावर चालते यातलं काहीही नाही. उत्तर स्वतःला ठाऊक असताना विचारलेला प्रश्न ही परीक्षा असते, हे मुलांना फार लवकर कळतं. ताईंनी मुलाच्या विषयालाच धरून एक विधान केलं आणि थांबल्या. "दादाने बसला"मधला जास्तीचा 'ने' काढून वाक्य परत दिलं. तेवढ्यावर मूल एका शब्दावरून दोन वाक्यांच्या हकिगतीपर्यंत आलं.

थांबणं ही यातली सगळ्यांत अवघड गोष्ट. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलंही बोलू लागतात. ती मुलं मोठी होती. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मनातल्या मनात पाच आकडे मोजा. मूल इकडेतिकडे बघेल, बोट तोंडात घालेल. त्या वेळात तुम्ही प्रश्न पुन्हा विचारलात किंवा बदललात, तर त्याला शब्दांची जुळवाजुळव पहिल्यापासून करावी लागते. शेजारचं मूल उत्तर देऊ लागलं तर नुसता हात दाखवून थांबवा.

शब्दसंपत्तीबद्दल बोलायचं तर नामांपेक्षा क्रियापदांकडे लक्ष द्या. फळं, फुलं, प्राणी, रंग यांच्या तक्त्यांनी नामं भरपूर येतात, क्रियापदं मात्र 'करणे', 'घेणे', 'देणे' यांच्यावर अडतात. वर्गात "ते तिकडे ठेव, हे असं कर" या भाषेत दिवस गेला तर मुलांनाही तेवढीच भाषा मिळते. पंधरा दिवसांसाठी आठ-दहा शब्द ठरवा आणि ते हातून घडणाऱ्या कामात गुंफा. मटारचा हंगाम असेल तर प्रत्येक मुलाला पाच शेंगा द्या: शेंग, देठ, दाणा, टरफल; सोलणं, निवडणं, चेपणं, उकलणं. "माझी उकलतच नाही" हे वाक्य अशाच वेळी येतं. (दाणे नाकात आणि कानात घालण्याचं हेच वय आहे. शेंगा मोजून द्या, दाणे वाटीत मोजून परत घ्या आणि तीन वर्षांखालच्या भावंडांना दूर बसवा.) कणीक मळताना 'घट्ट, सैल, चिकट', धान्य पाखडताना 'कोंडा, खडे, उडणं'. तोच शब्द आठवड्यात निरनिराळ्या जागी आला पाहिजे: शेंग सोलली, केळं सोललं, गुडघा सोलवटला. एकदा तक्त्यावर दाखवून शब्द रुजत नाही.

गोष्टीच्या पुस्तकाचा उपयोग बहुतेक ठिकाणी अर्धाच होतो. एक गोष्ट एकदा सांगायची, मग "यावरून आपण काय शिकलो?" आणि पुस्तक कपाटात. त्याऐवजी एकच पुस्तक आठवड्यात चार वेळा घ्या. पहिल्या दिवशी न थांबता, रंगवून वाचा. मुलांना फक्त ऐकू द्या. दुसऱ्या दिवशी दोन-तीन नव्या शब्दांपाशी हातवारे करून, चित्र दाखवून, जाता जाता अर्थ सांगा आणि एखाद-दोन ठिकाणी "आता काय होईल?" असं विचारा. तिसऱ्या दिवशी पान उलटा आणि मुलांनाच सांगू द्या. चौथ्या दिवशी गोष्ट खेळून बघा. नेहमीच्या आकाराचं पुस्तक असेल तर आठ-दहा मुलांच्या वर गट नको, मागच्यांना चित्र दिसत नाही आणि मग खोड्या सुरू होतात. ज्या गोष्टीत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, चिऊ-काऊच्या गोष्टीसारखी, ती गप्प मुलांसाठी सोन्यासारखी. चिऊ दरवेळी "थांब, माझ्या बाळाला..." असं म्हणून नवं कारण सांगते. चौकट तीच, बदलतो फक्त शेवटचा तुकडा. न बोलणारं मूल आधी ती चौकट सगळ्यांबरोबर म्हणतं आणि काही दिवसांनी कारण स्वतःचं घालतं. हे पुढचं पाऊल पडलं पाहिजे. नुसती चौकट घोकण्यावर थांबलं तर ते पुन्हा पाठांतरच.

गप्प मुलांबद्दल आणखी एक गोष्ट आधी तपासा: घरी कोणती भाषा आहे? मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे पावरी, पालघरमध्ये वारली, तांड्यावर गोरमाटी, खानदेशात अहिराणी, आणि शहरांतल्या बांधकामांवर हिंदी, तेलुगू, कन्नड. गोंडी द्राविडी कुळातली आहे, कोरकू तर मुंडा भाषांपैकी. त्यांना 'अशुद्ध मराठी' समजणं वस्तुस्थितीलाच धरून नाही. अशा मुलाला बालवाडीत एकदम नवी भाषा ऐकू येते आणि ते काही आठवडे, कधी काही महिने फक्त ऐकतं. त्या काळात त्याला समजत असतं, ते हालचालीतून उत्तर देतं. "बोल ना, बोलत का नाहीस?" असं टोकू नका, "पाणी घेऊन ये", "लाल चेंडू दादाला दे" अशा सूचना द्या, म्हणजे किती कळतं याचा अंदाज येईल.

ताईंनी मुलाच्या भाषेतली तीस-चाळीस वाक्यं शिकून घेणं हा सगळ्यांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. पाणी हवंय का, शी-शू लागली का, कुठे दुखतंय, आई कुठे गेली, भूक लागली का, ये बस, छान केलंस. मदतनीस बहुधा त्याच पाड्यातल्या असतात. गोष्ट आधी त्यांच्या तोंडून घरच्या भाषेत, दुसऱ्या दिवशी तीच मराठीत. गोष्ट माहीत असल्याने मराठी शब्दांचा अर्थ मुलाला आपोआप लागतो. एका वाक्यात दोन भाषांची खिचडी करण्यापेक्षा हे बरं. मुलं आपापसांत घरच्या भाषेत बोलत असतील तर बोलू द्या. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला (दोन्ही आजच्या पालघर जिल्ह्यात) मुलाच्या घरापासून सुरुवात करण्याचं धोरण धरलं होतं: बालवाडी वारली पाड्यांच्या अंगणात नेली, साधनं बिया, पानं, दगड अशी भोवतालची घेतली. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच सांगतं.

अक्षरांचा आग्रह धरणाऱ्या पालकांना "अजून लवकर आहे" एवढंच उत्तर पुरत नाही, कारण त्यांची काळजी खरी असते. त्यांना आवाजांचे खेळ दाखवा. देवनागरीत एक अक्षर साधारणपणे बोलण्यातल्या एका तुकड्याला धरून चालतं, म्हणून शब्दाचे तुकडे ऐकू येणं ही वाचनाची खरी तयारी. 'पा-णी' दोन टाळ्या, 'चि-म-णी' तीन. मग ज्यांच्या नावाचा पहिला आवाज 'मा' आहे त्यांनी उभं राहायचं. मग 'का'ने सुरू होणाऱ्या वस्तू पिशवीतून काढायच्या. पाच वर्षांची मुलं शेवटच्या आवाजावरून भेंड्याही खेळू शकतात. हे खेळ चित्र किंवा लिखित अक्षराशिवाय, फक्त कानाने खेळायचे.

लिखित अक्षरांकडे पाच वर्षांनंतर वळा आणि 'अ' ते 'ज्ञ' या क्रमाने जाऊ नका. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांनुसार सुरेख लावलेला आहे, पण शिकण्याच्या दृष्टीने तो अडचणीचा: 'त थ द ध' असे सारखे आवाज शेजारी येतात आणि 'ङ', 'ञ' मुलाला कुठल्याच शब्दात भेटत नाहीत. 'क, म, न, र, ल' आणि काना एवढ्या गटातून 'नाक, कान, मका, काका, मामा, काम, लाल' असे शब्द लगेच तयार होतात. मुलाला पहिल्या आठवड्यातच कळतं की अक्षरांतून अर्थ निघतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला कित्ता गिरवायला देऊ नका, बोटांची ताकद तेवढी आलेली नसते आणि पेन्सिल मुठीत धरण्याची सवय लागते. त्याऐवजी चित्र काढू द्या, "यात काय चाललंय?" असं विचारा आणि ते जे सांगेल ते चित्राखाली लिहून त्याच्यासमोर बोट फिरवत वाचा. हा कागद घरी जाऊ द्या. वही भरलेली बघायची सवय असलेल्या पालकांना दाखवण्यासाठी याहून चांगला पुरावा नाही.

पालकसभेत दहा गोष्टी सांगू नका. एकच मागा: रोज रात्री दहा मिनिटं, फोन बाजूला ठेवून, घरच्या भाषेत गप्पा. मराठी येत नसेल तर मराठीत बोलण्याचा आटापिटा नको. तोडक्यामोडक्या मराठीपेक्षा भरभक्कम कोरकू मुलाच्या जास्त कामाची. मोबाईल-टीव्हीच्या पडद्याबद्दल विचारलं तर जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस सांगा: दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तितकं चांगलं.

काही मुलांच्या बाबतीत मात्र वाट बघणं नुकसानीचं असतं. वर्षाचं होऊनही हाक मारल्यावर वळून न बघणं, दीड वर्षात एकही शब्द नसणं, दोन वर्षांनंतरही दोन शब्द न जुळणं, तीन वर्षांनंतर घरच्यांनाही बोलणं न कळणं, आणि कोणत्याही वयात आलेलं बोलणं नाहीसं होणं. यांपैकी काहीही दिसलं तर आधी कान तपासून घ्या. वारंवार कान वाहणाऱ्या मुलाला कमी ऐकू येतं आणि वर्गात ते 'हट्टी' किंवा 'मंद' ठरतं. वेखंड उगाळून चाटवणं, जीभ जड आहे म्हणून थांबणं यात हातचं एखादं वर्ष निघून जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दिवसापर्यंत अशा मुलांची नावं आणि नेमकी निरीक्षणं लिहून तयार ठेवा आणि पुढच्या तपासणीसाठी आणि उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागून घ्या. दोन ते चार वर्षांत मध्येच सुरू झालेलं अडखळणं बहुधा आपोआप थांबतं, पण सहा महिन्यांहून जास्त टिकलं किंवा बोलताना चेहरा-मान ताणली जाऊ लागली तर वाक्उपचार तज्ज्ञाकडे पाठवा.

प्रगतीची नोंद ठेवायची तर 'बोलतो / बोलत नाही' अशा खुणांचा उपयोग नाही. दर दोन महिन्यांनी प्रत्येक मुलाची खेळतानाची तीन वाक्यं, आहेत तशी, चुकांसकट, तारीख घालून लिहा. बाजूला दोन खुणा: बोलायला सुरुवात कुणी केली, आणि मुलाने स्वतःहून काही विचारलं का. जूनमध्ये "पाणी" एवढंच म्हणणारं मूल डिसेंबरात "ताई, पाणीत मुंगी पडला, काढू?" म्हणत असेल, तर त्यात रूपाच्या दोन चुका आहेत आणि घडलेलं सांगून परवानगी मागणारं एक वाक्य आहे. नोंदवहीत आणि पालकांशी बोलताना त्या वाक्याबद्दल आधी लिहा, सांगा. मुंगीचं लिंग आणि पाण्याचं रूप पुढच्या दोन महिन्यांत गप्पांतून येईल.